गायरानात पाच हजार झाडं लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण तालुक्यातल्या एका गावाचं साठेक एकर गायरान आहे, सगळा ‘ओसाड’ माळ. यंदाच्या पावसाळ्यात तरुण मंडळाला तिथे ५ हजार झाडं लावायची आहेत. वर्गणी जमली आहे, गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपं सांगून ठेवली आहेत, चर खणायला जेसीबीही ठरला आहे. गेल्या हिवाळ्यात लांडग्यांनी गावातल्या काही शेळ्या नेल्या. झाडी वाढली की लांडगे निघून जातील आणि हरणं-पाखरं येतील, असं गावातल्या जाणत्यांचं म्हणणं आहे. विचारणाऱ्या मुलाला एवढंच हवं आहे की अजून कोणती झाडं लावावीत आणि ती जगवावीत कशी.

मी बावीस वर्षं माळरानांवर काम करतो आहे. लांडगे, खोकड (छोटा कोल्हा), जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि या सगळ्यांना पोसणारं गवत, हा माझा रोजचा अभ्यास. म्हणून स्पष्टच सांगतो: त्या माळावर झाडं लावू नका. तुमची तळमळ खरी आहे आणि जमवलेला पैसाही वाया जाणार नाही, तो कुठे लावायचा ते पुढे येईल. पण ज्या जमिनीला तुम्ही ‘ओसाड’ म्हटलं आहे, तिथे काय चाललं आहे ते आधी बघू.

माळ आपल्याला ओसाड वाटतो, कारण आपलं लक्ष त्याच्याकडे जातं ते एप्रिल-मे महिन्यात. सरकारी दप्तरातही तो ‘पडीक’. जिथून शेतसारा नाही आणि लाकूडही नाही ती जमीन पडीक, हा इंग्रजांच्या महसुली कारभारातला शिक्का, आणि तो आजही पुसला गेलेला नाही. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जिथे वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, वीतभर मुरूम आणि खाली कातळ, तिथे दाट जंगल होतं आणि ते तोडून माळ उरला असं समजणं चूक आहे. गवत आणि मधूनच एखादी हिवर, बाभूळ, बोर, तरवड, हेच इथलं मूळचं रान. पाऊस कमी, माती उथळ, वरून चरणारी जनावरं, या तिन्हींच्या तावडीत टिकेल असं जे काही होतं तेच इथे टिकलं.

त्यातलं एक नीट बघा. माळावर वाळलेली कुसळी आत्ताही सापडेल. तिचं एक बी उचला, लांब काळपट शेपटीचं, आपल्या पायजम्यात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतं तेच. तळहातावर ठेवून वर पाण्याचे दोन थेंब टाका आणि थांबा. थोड्या वेळात शेपटी फिरायला लागते. वाळताना दोरीसारखा पीळ बसलेली ती शेपटी ओली झाली की उलगडते आणि उलगडता उलगडता बियाचं टोकदार तोंड गिरमिटासारखं फिरवते. तोंडाजवळच्या ताठ उलट्या केसांमुळे आत गेलेलं बी मागे येत नाही. रात्रीचं दव, दिवसाचं ऊन, पुन्हा दव, असं करत ते स्वतःला पेरून घेतं. मेंढीच्या अंगावर बसून ते तालुका ओलांडतं ते वेगळंच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तास दीड तास माळावरच बसून राहिलो होतो. मुलांना जरूर दाखवा.

गवताची दुसरी खुबी शेतकऱ्याला सांगायला नको. झाडाच्या रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला की रोपाची वाढ तिथेच खुंटते. गवताचा वाढीचा डोळा बुडाशी असतो, वरचं पातं गेलं तरी खालून नवं फुटतं. म्हणून चरणं हा माळावरचा अपघात नव्हे, ती रीतच आहे. प्रश्न असतो तो कोण, कधी आणि किती चरतं याचा. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा त्यांचा तळ, दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा नदीकाठच्या गावांकडे निघून जायचा, वाटेत शेतकरी रानात मेंढ्या बसवून घ्यायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचे. तेवढे महिने माळाला उसंत मिळायची. आता शेतं बारमाही भिजतात, वाटा बंद झाल्या, वाडे अडकून पडले, आणि एकाच माळावर वर्षभर तोंडं फिरतात. अशा माळावर मारवेल, पवन्या, शेडा ही चांगली गवतं आधी जातात. कुसळी आणि जनावरं तोंड लावत नाहीत असा तरवड-टाकळा तेवढा माजतो. तुमच्या माळाची तब्येत बघायची असेल तर पावसाळ्याच्या शेवटी या गवतांची नावं सांगणारा म्हातारा माणूस बरोबर घ्या आणि आडव्यातिडव्या शंभर पावलांत काय काय सापडतं ते लिहून काढा. मारवेल अजून असेल तर माळ जिवंत आहे.

या गवताच्या आसऱ्याने बाकीचे एकमेकांत अडकलेले असतात. थंडीत बोरं पिकली की खोकडाच्या विष्ठेत बोराच्या बियाच बिया दिसतात. खोकड या बिया विष्ठेतून मूळ झाडापासून दूर नेऊन टाकतं, तिथे बोरीचं झुडूप उठतं, बोरीखाली ससा लपतो. खाटीक पक्षी नाकतोडा पकडून बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. त्याच नाकतोड्यांवर दिवाळीच्या सुमाराला मध्य आशियातून आलेले भोवत्या हे घारीसारखे शिकारी पक्षी हिवाळा काढतात. संध्याकाळी ते गुडघाभर गवतात, जमिनीवर, एकत्र झोपायला उतरतात. सकाळी त्या जागेवर त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात, त्यांत नाकतोड्यांचे पाय चिक्कार. दिवसा शिकारीला आखूड गवत आणि रात्री निजायला उंच गवत, दोन्ही लागतं त्यांना. शेजारच्या रब्बी ज्वारीच्या जागी सतत फवारणी होणारं पीक आलं की नाकतोडे घटतात, आणि कझाकस्तानहून निघालेल्या पाखराचा हिवाळा आपल्या तालुक्यात उपाशी जातो.

एक बदलला की दुसरा बदलतो, हे आपण तोंडाने म्हणतो खरे. पण तो बदल कुठवर पोचतो याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथे एक सुंदर सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी पंखा असतो आणि विणीच्या हंगामात दगडावर चढून तो पंखा उघडून दाखवतो. २०१६ साली या सरड्यांसाठी नवी शास्त्रीय प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली गेली आणि तिचं नाव आपल्या मराठी शब्दावरून ‘सरडा’ असंच ठेवलं गेलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पठाराच्या पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. शिकारी गेल्यावर सरडे वाढले, ही पहिली पायरी अपेक्षितच होती. पण पुढे बघा. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळत नव्हते. अंगाने ते हडकुळे होते, कारण एवढ्याशा जागेत खाणारे जास्त झाले, आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिकट पडला होता. पवनचक्कीने सरड्याला बोटही लावलेलं नाही. तिने आकाशातले शिकारी पक्षी हटवले आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंग उतरला.

आता तुमची ५ हजार झाडं याच नजरेने बघा.

गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही परदेशी, भराभर वाढणारी, मुळांवाटे जमिनीत नत्र वाढवणारी झाडं. शेताच्या बांधावर हा गुण ठरतो. माळावर तोच दोष. माळाची गवतं उन्हावर आणि गरीब मातीवर पोसलेली असतात. सावली पडली आणि नत्र वाढलं की ती मागे हटतात आणि तण पुढे येतं. झाडाला उंची आली की कावळे आणि घारी टेहळणीला बसतात, आणि खाली उघड्यावर अंडी घालणाऱ्या माळटिटवीची, चंडोलाची, धाविकाची वीण धोक्यात येते. या पक्ष्यांचं सगळं संरक्षण लांबवर दिसण्यात आहे. दूरवरून कोण येतंय ते दिसलं नाही की ते ती जागाच सोडतात. चरांचंही तसंच. वीतभर माती उकरून बाजूला ढीग घातला की गवताची मुळं उघडी पडतात आणि त्या सैल मातीवर गाजरगवत आधी येतं. पाणी मुरवायला गवताच्या मुळांच्या दाट जाळीइतकं चांगलं काम चर करत नाही. शिवाय गवत जो कर्ब साठवतं तो बहुतेक जमिनीखाली असतो, वणव्यातही तो सहसा जळत नाही.

हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक या मोठ्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, २०१२ मध्ये सुमारे १,२२२ वर आणलं. त्या परिसरातल्या माळांवरही गिरिपुष्पाची लागवड झाली, हिरवळ वाढवायच्या चांगल्या हेतूनेच. एका विणीला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणाऱ्या पक्ष्याला मोकळा माळ हवा होता. आज महाराष्ट्रात माळढोक औषधालाही सापडणं कठीण झालं आहे. सगळा दोष झाडांचा अर्थातच नाही. विजेच्या तारा, कुत्री, ज्वारी जाऊन आलेला ऊस, शिकार, सगळ्यांनी मिळून ते केलं. पण झाडं लावून आपण त्या गर्दीत भरच घातली.

उलटी चूकही सांगतो, कारण झाडं नकोत म्हटल्यावर पुढचा विचार कुंपण घालून माळ कायमचा बंद करण्याचा येतो. मध्य प्रदेशातल्या करेऱ्याला माळढोकासाठी १९८१ मध्ये अभयारण्य केलं. संरक्षण मिळाल्यावर काळवीट भरमसाट वाढले, शेतात घुसू लागले, लोक संतापले आणि अभयारण्यावरच उठले. दहा-पंधरा वर्षांत माळढोक तिथून नाहीसा झाला. एका प्राण्यासाठी दार लावलं, फायदा दुसऱ्याने उचलला आणि रोष तिसऱ्यावर निघाला. माळावर माणूस आणि मेंढरू हे बाहेरचे नाहीत, ही गोष्ट ठरवणाऱ्यांनी मोजलीच नव्हती.

आता लांडगा. यावर जरा थांबतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. आपल्या भागातला लांडगा जंगलातला प्राणी नाही, तो माळाचाच आहे. देशभरात मिळून सुमारे ३ हजार उरलेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. झाडी वाढली म्हणून तो जाणार नाही. सुबाभळीच्या दाटीत आणि उसात दिवसा पडून राहिलेले लांडगे मी कितीदा पाहिले आहेत. जाणार कोण, तर उघड्या माळावरचं चिंकारा आणि उघड्यावरची पाखरं. म्हणजे त्याचं रानातलं खाणं घटेल आणि लपायची जागा गावाला आणखी चिकटेल. मग तो कुठे तोंड घालेल, हे तुम्हीच सांगा. शेजारी ऊस वाढत गेला तर काही वर्षांनी बिबट्याही येईल, जुन्नरकडच्या लोकांना विचारा.

म्हसवडकडच्या एका वाड्यावर मी बरेच दिवस राहिलो होतो. पहाटे एक कोकरू गेलं. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, एका बाजूने सैल राहिली होती. म्हातारे तात्या वाघर ताणून बांधत होते, मी हळहळ व्यक्त केली तर म्हणाले, “त्याचा वाटा हाय त्यो. पर वाघर ढिली ऱ्हायली ही चूक आमची.” मला या बोलण्यातल्या दुसऱ्या वाक्याचं मोल जास्त वाटतं. लांडग्याने काय करावं यापेक्षा वाघर कशी बांधावी हे त्यांच्या हातात होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते तेवढंच नीट करत आले. तुमच्या गावात गेलेल्या शेळ्यांपैकी किती रात्री बंद गोठ्यातून गेल्या आणि किती उघड्या दावणीवरून, एवढं विचारून या. माझा अंदाज आहे की बंद गोठ्यातली एकही नसेल.

त्याच फेरीत आणखी एक विचारा: गावातल्या पोल्ट्रीवाल्यांकडच्या मेलेल्या कोंबड्या कुठे टाकतात? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, माळाच्या कडेला. त्या ढिगावर भटकी कुत्री वाढतात, आणि रात्री तिथेच लांडगेही येतात. कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर हा जीवघेणा विषाणूजन्य रोग होतो. डिस्टेंपरने पिलं गेलेली गुहा मी पाहिली आहे, त्याबद्दल अजूनही सहज बोलता येत नाही. दुसरा धोका संकराचा. पुण्याजवळच्या माळांवर वेगळ्याच, पिवळसर रंगाचा एक प्राणी दिसत होता. त्याची जनुकीय तपासणी झाली आणि तो लांडगा-कुत्र्याचा संकर असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. टोळी फुटली, जोडीदार मिळेनासा झाला आणि आजूबाजूला कुत्र्यांची गर्दी झाली की हे होतं. लांडगा संपायला त्याला मारावंच लागतं असं नाही.

आणि वरून हवा बदलते आहे. पाऊस मोठ्या खंडाने आणि धो धो पडतो आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की माळाच्या गवतांपेक्षा झुडपांना त्याचा जास्त फायदा होतो, म्हणजे आपण काहीही केलं नाही तरी माळावर काटेरी झाडी पुढे सरकायला बघणार. वेडी बाभूळ यात सगळ्यांत पुढे. तिच्या गोड शेंगा शेळ्या आणि काळवीट आवडीने खातात, बी पोटातून सहीसलामत बाहेर पडतं, आणि लेंडीच्या खतातच उगवतं. जिथे आधीच झुडूप बळ धरतं आहे तिथे आपण हाताने ५ हजार झाडं नेऊन लावावीत, हे मला कुठूनही पटत नाही.

तर पैसा कुठे लावायचा? पहिला शेळ्यांच्या गोठ्यांना: जाळी, दार आणि वरून छत. पाच-सहा घरांचं मिळून एक केलं तर स्वस्त पडतं. जनावर गेलंच तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. मेलेलं जनावर तोवर हलवू नका आणि त्यावर विष तर चुकूनही टाकू नका. लांडगा कायद्याने पहिल्या अनुसूचीत आहे, आणि विष कुत्र्या-गिधाडांपर्यंत जातं. दुसरा पैसा पोल्ट्रीच्या खड्ड्याला, मेलेल्या कोंबड्या त्यात चुना आणि माती टाकून पुरायच्या, आणि कुत्र्यांच्या लसीकरण-नसबंदीला. पशुवैद्यक बोलावाल तेव्हा जंताच्या औषधाचंही विचारा. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या मरतात आणि शेण गोवरीसारखं पडून राहतं, माळात जिरत नाही. सगळ्या कळपाला सरसकट आणि पावसाच्या तोंडावर देऊ नका.

माळासाठी फार काही लागत नाही. वेडी बाभळीची रोपं लहान असतानाच मुळासकट उपटून काढा, नुसती तोडली तर दुप्पट फुटतात. माळाचे तीन भाग करा आणि दरवर्षी एक भाग पावसाळा संपून गवताचं बी पडेपर्यंत चराईला बंद ठेवा. हा निर्णय ग्रामसभेत मेंढपाळांना समोर बसवून घ्या, त्यांच्या माघारी घेतलात तर महिनाभरही टिकणार नाही. बंद भागातलं मारवेल-पवन्याचं बी दिवाळीच्या आसपास हाताने गोळा करा आणि उघड्या पडलेल्या जागी पुढच्या जूनमध्ये फेका. उन्हाळ्यात माळ पेटवणं थांबवा, त्याच दिवसांत टिटवीची अंडी जमिनीवर असतात. आणि झाडं? ती लावाच, पण ओढ्याच्या काठाने करंज, जांभूळ, उंबर, शाळेच्या आवारात आणि रस्त्याला लिंब, चिंच, वड-पिंपळ. दीड-दोनशे झाडं चांगली जगली तर खूप झालं. माळावर आधीपासून असलेल्या हिवर-बोरीला मात्र कुऱ्हाड लागू देऊ नका.

जेसीबीवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. तो आला की दोन दिवसांत काम उरकून जाईल आणि उखडलेला मुरूम परत बसवता येत नाही.

पुढच्या डिसेंबर-जानेवारीत माळाच्या कडेला, ओघळीत एखाद्या बिळाच्या तोंडाशी ताजी माती आणि बारीक पावलांचे ठसे दिसले तर तिथे लांडग्याची पिलं असण्याची शक्यता आहे. लांबूनच मागे फिरा, फोटो काढलात तर मोबाइलवर कुणाला पाठवू नका, आणि जागा फक्त त्या बाजूला मेंढ्या नेणाऱ्याला सांगा. तो आपली वाट बदलेल.